जर्मनीतल्या मुलाकडे जाताना: शेतकरी आई-वडिलांचा शेंगेन व्हिसा, पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

जर्मनीत नोकरीला लागलेली मुलं-मुली आता परभणी, लातूर, बीड, हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतही आहेत. आई-वडिलांना एकदा घर दाखवायचं ठरतं, नाहीतर सुनेचं बाळंतपण असतं, आणि व्हिसाच्या कागदांची यादी घरी येते. यादीत सॅलरी स्लिप, फॉर्म १६, आयकर रिटर्न, रजेचं पत्र. वडील कोरडवाहू सोयाबीन-कापूसवाले, आईच्या नावावर दीड एकर. यातलं एकही कागद त्यांच्याकडे नसतं, आणि इथेच कुणीतरी सांगतो, 'मी रिटर्न तयार करून देतो.' हे अजिबात करू नका. व्हिसा अर्जांची नोंद शेंगेन देशांच्या (म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) सामायिक संगणक प्रणालीत पाच वर्षं राहते आणि पुढचा अर्ज तपासणाऱ्याला ती दिसते. शेतकऱ्याकडे पुरावे भरपूर असतात, फक्त ते वेगळ्या नावाचे असतात. ते नीट गोळा करायचे आणि इंग्रजीत न्यायचे, एवढंच काम आहे.

आधी व्हिसा कोणता ते. मुलाला भेटायला ९० दिवसांपर्यंत जायचं असेल तर शेंगेनचा अल्पकालीन व्हिसा, म्हणजे 'सी' प्रकार. तो २९ देशांत चालतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. मुलगा म्युनिकला आणि चार दिवस पॅरिस बघायचं, तर अर्ज जर्मनीकडेच.

९० दिवसांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण 'तीन महिने' आणि '९० दिवस' एक नाहीत. १ मे ते ३१ जुलै धरले तर ९२ दिवस होतात. उतरण्याचा आणि परत निघण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. १ मेला पोहोचलात तर २९ जुलै हा नव्वदावा दिवस, त्या दिवशी शेंगेनच्या बाहेर पडलेलं असलं पाहिजे. आणि हे ९० दिवस कोणत्याही सलग १८० दिवसांतले आहेत, म्हणजे आठवडाभर भारतात येऊन लगेच परत जाता येत नाही. बाळंतपणाला निघालेल्या आईने हे विशेष लक्षात घ्यावं. तिथे पोहोचल्यावर 'अजून महिनाभर वाढवून घेऊ' असं होत नाही. मुदतवाढ फक्त गंभीर आजारपणासारख्या अपवादात मिळते. त्यामुळे बाळाच्या तारखेआधी फार लवकर जाऊ नये, दिवस नंतर लागतात.

पासपोर्ट आणि नावांचा गुंता

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. दहावी न झालेल्या आई-वडिलांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का असू शकतो. तो आखाती आणि इतर ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, जर्मनीच्या भेटीला त्याची अडचण नाही.

खरी अडचण नावांची. पासपोर्टवर 'किशनराव', आधारवर 'किशन', सातबाऱ्यावर 'किसन', बँकेत 'के. एम.' असं एकाच माणसाचं होऊन बसलेलं असतं. आईचं तर माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं नाव आधारवर आणि 'बाई' कुठे लागलेलं, कुठे गळलेलं. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही, पण कागदावरूनच माणूस ओळखणाऱ्या अधिकाऱ्यासमोर या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. क्रम असा ठेवा: पासपोर्टवरचं नाव हेच मूळ धरायचं. आधार, पॅन आणि बँक खातं त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं, कारण हे तिन्ही तुलनेने लवकर होतं. सातबाऱ्यावरची दुरुस्ती तलाठ्यामार्फत होते आणि वेळ खाते. तेवढ्यासाठी थांबण्यापेक्षा 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत जोडावं.

नातं सिद्ध करायला मुलाचा पासपोर्ट उपयोगी पडतो. त्याच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतील तर ती तुमच्या पासपोर्टशी अक्षरशः जुळतात का, हे सगळ्यात आधी बघा. जुळत नसतील तर मुलाचा जन्मदाखला, इंग्रजी भाषांतरासह. मुलगी असेल आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिच्या विवाह नोंदणीचा दाखला लागतो, नाहीतर आडनावांचा सांधा तुटतो.

जन्मतारखेचंही तसंच. मास्तरांनी १ जून लिहून घेतलेली पिढी आहे ही. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर नुसतं वर्ष किंवा १ जानेवारी. १ जून असल्याने काही बिघडत नाही, पण सगळीकडे एकच तारीख हवी.

जिल्ह्याच्या नावावरून उगाच घाबरू नका. पासपोर्टवर जन्मस्थळ 'औरंगाबाद' किंवा 'उस्मानाबाद' आणि नव्या आधारवर पत्ता 'छत्रपती संभाजीनगर' किंवा 'धाराशिव' असेल तर केवळ त्यासाठी पासपोर्ट बदलायची गरज नाही. अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि नावबदलाचं एक वाक्य अर्जासोबत जोडायच्या तुमच्या पत्रात टाका. जर्मन अधिकाऱ्याला ही दोन नावं एकाच शहराची आहेत हे माहीत असेलच असं नाही.

उत्पन्न आणि परत येण्याची खात्री

अधिकाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: तिथला खर्च कोण करणार, आणि हे लोक परत येणार का. पहिल्याचं उत्तर मुलगा देऊ शकतो. दुसऱ्याचं फक्त तुमच्याच कागदांत आहे, आणि बहुतेक लोक तिथेच हात आखडता घेतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने रिटर्न नसणं हा दोष नाही, पण ते पत्रात स्पष्ट लिहिलं पाहिजे. मग त्या जागी काय जोडायचं? डिजिटल सहीचा सातबारा (महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो) आणि ८-अ, म्हणजे एकूण धारण क्षेत्र एका नजरेत दिसतं. तहसीलचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. त्यानंतर प्रत्यक्ष विक्री: आडतीची पट्टी, हमीभाव केंद्राची पावती, ऊस असेल तर कारखान्याच्या बिलाची स्लिप. यातली रक्कम बँकेच्या उताऱ्यावर जमा झालेली दिसत असेल तर त्या नोंदीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. पट्टी आणि जमा रक्कम जुळली की पुरावा पक्का होतो. सगळी विक्री रोखीत होत असेल तर जायच्या आधीच्या हंगामात तरी पैसे खात्यात घ्या.

बँकेचा उतारा किमान तीन महिन्यांचा लागतो. शेतकऱ्याने तो वर्षभराचा द्यावा असं आमचं ठाम मत आहे, कारण शेतीचे पैसे वर्षातून दोनदाच येतात. तीन महिन्यांत नेमकं खातं रिकामं दिसलं तर त्यावरून काहीच कळत नाही. उताऱ्यावर शाखेचा शिक्का आणि सही हवी. जिल्हा सहकारी बँकेचं पासबुक मराठीत असेल तर इंग्रजी उतारा मागून घ्या. आणि अर्जाच्या आठ दिवस आधी भावकीकडून दोन लाख आणून खात्यात टाकणं, हा प्रकार लगेच डोळ्यात भरतो. मुलाने पैसे पाठवले असतील तर तसं सांगा, लपवू नका.

परत येण्याची खात्री जमीन, घर आणि माणसं यांतून दिसते. ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, गावाकडे असलेली दुसरी मुलं-नातवंडं, पेन्शन असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. प्रवासाचा महिनाही बोलतो. फेब्रुवारीत हरभरा-ज्वारी निघाल्यावर जाऊन मृगाच्या पेरणीआधी परत येणारा शेतकरी सहज पटतो. जून ते ऑगस्ट जायचंच असेल तर पेरणी कोण करणार, जमीन बटईने दिली आहे की धाकटा मुलगा बघतो, हे पत्रात लिहा.

मराठी कागदांना इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर लागतं. भाषांतरात गट नंबर, क्षेत्र आणि नावांची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवी. भाषांतरकाराला पासपोर्टची झेरॉक्स सोबत द्या, नाहीतर तो स्वतःच्या मनाने चौथंच स्पेलिंग करतो.

मुलाने तिकडून काय पाठवायचं

निमंत्रण पत्र, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या निवास परवान्याची प्रत, पत्ता नोंदणीचा दाखला, नोकरीचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती. खर्च तो करणार असेल तर 'फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' हे औपचारिक हमीपत्र सगळ्यात मजबूत. ते त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात पगार तपासून दिलं जातं, फी २९ युरो. मूळ कागद कुरिअरने मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. ते सहा महिन्यांच्या आत वापरायचं असतं आणि त्या कार्यालयात वेळ मिळायला अनेक शहरांत आठवडे जातात, म्हणून सुरुवात इथूनच करा.

प्रवासी विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत चालणारा, राहण्याचा प्रत्येक दिवस धरणारा आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च देणारा हवा. साठीपुढच्या माणसांना हप्ता जास्त पडतो. स्वस्तातल्या पॉलिसीत बीपी-शुगरमुळे उद्भवलेला त्रास वगळलेला असतो. ते कलम वाचूनच घ्या. तिकिटाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका.

अर्ज आणि बोटांचे ठसे

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, चौकशी लागली तर ४५ दिवसांपर्यंत. आपल्याला दोन-अडीच महिने आधीची वेळ घेणं बरं. मराठवाड्याला जवळची व्हिसा केंद्रं पुणे आणि मुंबईची. अर्ज ऑनलाइन भरून छापायचा, नवरा-बायकोचे दोन वेगळे अर्ज, प्रत्येकावर सह्या. आई अंगठा लावत असेल तर पासपोर्टवरही अंगठाच आहे ना, हे बघा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीचा. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. वेळ मिळवून देण्याचे पैसे मागणारा दलाल असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

केंद्रावर दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते ५९ महिने चालतात. कापूस वेचून, खुरपून, भांडी घासून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पटकन उचलत नाही. आठ-दहा दिवस रोज रात्री हातांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, शक्य तर त्या आठवड्यात खुरपं-विळा बाजूला ठेवा, आणि केंद्रावर जाताना हात धुऊन कोरडे करा. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी नऊची वेळ घेऊ नका. गाडीला उशीर झाला की वेळ हुकते. दुपारची घ्या.

पासपोर्टवर चिकटवलेलं व्हिसाचं स्टिकर हातात आल्यावर तीन गोष्टी वाचा: वैध तारखा, मुक्कामाचे दिवस आणि किती वेळा प्रवेश. तारखांमधलं अंतर १०५ दिवसांचं आणि मुक्काम ९० असं दिसू शकतं. ते जास्तीचे १५ दिवस प्रवास मागे-पुढे झाला तर म्हणून दिलेले असतात, राहायला मिळतात ते ९०च.

नकार आला तर कारणाच्या चौकटीत खूण असते: हेतू पटला नाही, खर्चाची सोय दिसत नाही किंवा परत जाण्याबद्दल शंका. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा अर्ज बंद केला आहे. आता एकतर एका महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची किंवा नव्याने अर्ज करायचा. बहुतेकांना दुसरा रस्ता सोयीचा, पण ज्या कारणावर खूण आहे त्याचा नवा पुरावा असेल तरच. तीच फाइल पुन्हा दिली तर तेच उत्तर येतं.

उतरताना

हमीपत्र, विमा, परतीचं तिकीट आणि मुलाचा पत्ता-फोन हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नाही. सीमेवरचा अधिकारी विचारू शकतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा दिवसांचा हिशेब आता यंत्रच ठेवतं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

बॅग भरताना मात्र मन घट्ट करावं लागतं. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, म्हणून कुंथलगिरीचा पेढा, घरचं तूप, खवा घरीच ठेवा. केसर आंब्यालाही आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय विमानतळावर काढून घेतात. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी आणि येसर नीट बंद करून न्या.