फेकायच्या कागदाचा भाव

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा डेक्कनला जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादी पुठ्ठाबांधणीची इंग्रजी फँटसी सापडली, की आपण आधी पानं पूर्ण आहेत का ते बघतो. वाचायला घेणाऱ्याचं ते बरोबरच आहे. संग्राहक मात्र आवृत्ती पहिली असल्याची खात्री झाली, की थेट वेष्टणाकडे, म्हणजे बांधणीवर गुंडाळलेल्या सुट्या कागदी आवरणाकडे, वळतो. मजकूर तोच, बांधणी तीच, तरी वेष्टण असलेल्या प्रतीला काही पट जास्त पैसे मोजले जातात.

वेष्टण जन्माला आलं ते फेकून देण्यासाठीच. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या वेष्टणांपैकी एक १८२९ सालचं आहे. 'फ्रेंडशिप्स ऑफरिंग' नावाच्या वार्षिकाची रेशमी बांधणी दुकानात मळू नये म्हणून ते होतं. चारही बाजूंनी गुंडाळून लाखेनं बंद केलेलं. पुस्तक उघडायचं तर ते फाडावंच लागे, मग उरणार कुठून? हा नमुना ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होता आणि २००९ मध्ये उजेडात आला. पुढे वेष्टणाच्या कडा आत दुमडायची पद्धत आली. विसाव्या शतकात कापडी बांधणीवरची नक्षी कमी होत गेली आणि चित्रकाराचं काम वेष्टणावर सरकलं. चित्र वेष्टणावर आलं तरी ते काढून टाकायची सवय मात्र बराच काळ गेली नाही.

जे. आर. आर. टॉल्किनचं 'द हॉबिट' २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या 'अ‍ॅलन अँड अनविन'नं काढलं. पहिल्या छपाईच्या प्रती १,५००, किंमत साडेसात शिलिंग. वेष्टणावरचं डोंगरांचं चित्र खुद्द लेखकाचं. त्याला सूर्य लाल हवा होता. एक रंग वाढला की खर्च वाढतो म्हणून प्रकाशकानं नकार दिला. मागच्या आत दुमडलेल्या घडीवर 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चा लेखक लुईस कॅरल याच्या खऱ्या आडनावात, डॉजसनमध्ये, एक जादा 'ई' छापला गेला. मग तो प्रकाशकाकडेच शाईनं हातानं खोडण्यात आला. ही खोडरेघ आज संग्राहक भिंगातून शोधतात. वेष्टण गेलं की हा सगळा पुरावाही जातो. तरीही २०२५ मध्ये ब्रिस्टॉलच्या एका घरात सापडलेली, वेष्टण नसलेली प्रत लिलावात ४३,००० पौंडांना गेली.

फँटसीच्या बाबतीत ही टंचाई जास्त जाणवते, आणि कारण साधं आहे: यातली बरीच पुस्तकं मुलांसाठी होती. मुलं पुस्तक अंथरुणात नेतात, नाव घालतात, चित्रं रंगवतात. इंग्लंडात भेट देताना छापील किंमत दिसू नये म्हणून आतल्या घडीचा कोपरा कात्रीनं उडवायची रीत होती. तेवढ्या त्रिकोणी तुकड्यानंही भाव उतरतो. कण्यावरचा रंग उन्हानं उडाला, कडेला चीर गेली, मागून चिकटपट्टी लावली, तर तो आणखी घसरतो. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. त्यापेक्षा फाटकं वेष्टण तसंच राहू दिलेलं बरं.

वेष्टण हेच सर्वस्व मानणाऱ्यांना हॅरी पॉटरनं मात्र गोंधळात टाकलं. २६ जून १९९७ रोजी आलेल्या पहिल्या भागाच्या पुठ्ठाबांधणीच्या प्रती फक्त ५०० होत्या आणि त्यांना वेष्टणच नव्हतं. चित्र थेट पुठ्ठ्यावर छापलेलं. त्यांतल्या सुमारे ३०० ग्रंथालयांत गेल्या. म्हणजे इथे सगळा फरक प्रतीच्या अवस्थेचा. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत एक उत्तम प्रत ४,७१,००० डॉलरना विकली गेली. त्याआधी २०१९ मध्ये ग्रंथालयातून रद्द होऊन एका पौंडाला विकलेल्या प्रतीला २८,५०० पौंड मिळाले. एक पौंड घालणाऱ्याला ते काही कमी नव्हते, पण दोन्हींतलं अंतर बघा.

ग्रंथालयाचा शिक्का म्हटलं की पुणेकराला वेगळं सांगायला नको. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. वाचनालयाची सवय या शहराला तेवढी जुनी. आपल्याकडे वाचनालयात आलेल्या पुस्तकाचं वेष्टण बहुधा निघतं, जाड पुठ्ठ्याची बांधणी होते, आत शिक्के आणि तारखांचा कागद येतो. घरी जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांबरोबर गोष्टीच्या पुस्तकालाही खाकी कव्हर चढतं. पुस्तक टिकावं, दहाजणांनी वाचावं, हा त्यामागचा हेतू. मला तो लिलावाच्या हिशेबापेक्षा अधिक पटतो. शिवाय पावसाळ्याची ओल, पानांवर उमटणारे तपकिरी ठिपके आणि कसर आहेच. त्यामुळे पुण्याच्या बाजारात ब्रिटिश पहिली आवृत्ती मिळालीच तरी वेष्टणासह आणि स्वच्छ मिळणं फार अवघड.

ही टंचाई पाहून भलते उद्योगही सुरू झाले. रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर वेष्टणाच्या हुबेहूब नकला निघाल्या. त्या नक्कल म्हणून विकल्या तर तक्रार नाही. जास्त चकवतं ते दुसऱ्या प्रतीवरून आणून चढवलेलं, अस्सल पण उसनं वेष्टण. ते ओळखायला आतल्या घड्या वाचाव्या लागतात. वेष्टण नंतरच्या छपाईचं असेल तर किंमत वेगळी निघू शकते, किंवा त्याच पुस्तकावरच्या वर्तमानपत्री अभिप्रायांची वाक्यं तिथे असतात. पुस्तक बाजारात यायच्या आधी ती सहसा छापता येत नाहीत.