थडग्यावरचं दगडफूल

कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून आणतात. तिच्या मसाल्यात पडणारं काळपट, कागदासारखं दगडफूल हे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला तो संसार. विज्ञानात त्याला शैवाक म्हणतात. त्याचे भाऊबंद बघायचे असतील तर शहरातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत जावं. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे ख्रिस्ती समाज वाढत गेला. त्याच्या कित्येक पिढ्या इथे चिंचेखाली निजल्यात. काळ्या दगडावर राखाडी-हिरव्या गोल चकत्या दिसतात, पापडाएवढ्या नाहीत, फार तर रुपयाएवढ्या.

या चकत्या फार सावकाश वाढतात. दगडावर साल कोरलेलं असतं, म्हणून सर्वांत मोठी चकती मोजली की तिथल्या हवेत ती किती वर्षांत किती पसरते याचा अंदाज येतो. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास ही रीत बसवली, आणि पुढे तिच्यावरून हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडांचं वय काढलं गेलं. गोम एवढीच, की घरच्यांनी दगड मृत्यूनंतर दहा वर्षांनी बसवला असेल तर हिशेब चुकतो. आणि ज्या थडग्याला दरवर्षी चुना लागतो, त्याचं घड्याळ दरवर्षी शून्यावर येतं.

पण मला खरी गंमत वाटते ती पांढऱ्या दगडांची. एका संगमरवरी पाटीवर शिशाची अक्षरं बसवली आहेत. बसवताना ती दगडाशी सपाट असणार, आता बोट फिरवलं की नखाला अडतात. शिसं वर आलेलं नाही. संगमरवर खाली गेलाय. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं आणि ते संगमरवरातलं कॅल्शियम कार्बोनेट थेंबाथेंबाने धुऊन नेतं. इथे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. काही अक्षरं तर गळूनच पडलीत, मागे खिळ्यांसारखी बारीक भोकं उरलीत.

शेजारचा काळा पाषाण मात्र टाकीच्या खुणांसकट शाबूत. तो बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात कार्बोनेट जवळजवळ नाहीच, त्यामुळे हे आम्ल त्याला सहजी खात नाही. पंचगंगा घाटावरची राजघराण्याची समाधिमंदिरं बघा, दर पावसाळ्यात नदी त्यांना कवेत घेते तरी उभी आहेत. अर्थात बेसॉल्टही अमर नाही. हजारो-लाखो वर्षं मुरला की त्याचा तांबडा जांभा होतो, पन्हाळ्याच्या माथ्यावर आहे तसा. पाथरवटाला इथला दगड कळत होता, संगमरवर आणणाऱ्याला पांढरा रंग, असं माझं मत.

आर्चिबाल्ड गायकी या स्कॉटिश भूवैज्ञानिकाने 1880 मध्ये एडिंबरोच्या दफनभूमींत हेच पाहिलं होतं. तिथल्या ज्या संगमरवरी पाट्यांची दैना त्याने नोंदवली, त्यात एक जोसेफ ब्लॅकची होती. ब्लॅक 1799 मध्ये वारला. जेमतेम ऐंशी वर्षांत त्याच्या पाटीवरचा मजकूर धड वाचता येत नव्हता. आणि कार्बन डायऑक्साइड हा वेगळा वायू आहे हे दाखवणारा रसायनशास्त्रज्ञ तो हाच!

मी गेलो त्या दिवशी एक कुटुंब आजीच्या थडग्याची साफसफाई करत होतं. काळे डाग निघेनात म्हणून मुलाने फरशी धुवायचं ॲसिड ओतलं. पाटी फसफसली. ‘‘घाण निघाली बघा,’’ तो म्हणाला. मी त्याला थांबवून साधं पाणी आणि मऊ ब्रश सुचवला, कारण निघत होता तो आजीचा दगडच. आणि त्या फेसातून उडत होता तो ब्लॅकचाच वायू.