साक्षीभाव

शरीर, मन आणि जग सतत बदलत असताना त्या बदलात न सापडता ते पाहणाऱ्या चैतन्याला वेदान्तात 'साक्षी' म्हणतात. आपण तेच आहोत ही ओळख म्हणजे साक्षीभाव. पाणिनीच्या सूत्रानुसार साक्षी म्हणजे 'साक्षात पाहणारा'. कोर्टातला साक्षीदार पाहिलेले सांगायला उभा राहतो, हा साक्षी मात्र कोणाच्याच बाजूने बोलत नाही.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. श्वेताश्वतर उपनिषदात तर 'साक्षी' हा शब्दच येतो (6.11).

सांख्य दर्शनातला पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हाही साक्षी आणि अकर्ता. सारी हालचाल प्रकृतीची, म्हणजे जड सृष्टीच्या मूळ तत्त्वाची. सांख्यकारिकेत ही प्रकृती नर्तकी आहे, आपले रूप दाखवून झाले की ती थांबते. चौदाव्या शतकातल्या 'पंचदशी' या वेदान्तग्रंथाच्या नाटकदीप प्रकरणात दृष्टान्त नाचाचाच, पण लक्ष दिव्याकडे आहे. अहंकार यजमान, विषय प्रेक्षक, बुद्धी नर्तकी, इंद्रिये ताल धरणारे साथीदार. नृत्यशाळेतला दिवा जागचा न हलता या सगळ्यांवर सारखाच उजेड टाकतो आणि ते उठून गेल्यावर रिकामी शाळाही उजळतो.

ही रिकामी शाळा म्हणजे गाढ झोप. सकाळी उठून आपण म्हणतो, "अशी झोप लागली, काहीच कळलं नाही." काही कळले नाही हे कोणाला कळले, असे वेदान्ती विचारतो.

ध्यानवर्गांत हल्ली 'विचारांकडे साक्षीभावाने पाहा' असे सांगतात. सराव म्हणून ते ठीकच. पण नेट लावून पाहणारे मन हेही साक्षीला दिसणारेच. 'दृग्दृश्यविवेक' (पाहणारा आणि दिसणारे यांतला भेद) हा वेदान्तग्रंथ ही उतरंड नेमकी मांडतो: रूप डोळ्याला दिसते, डोळा अधू झाल्याचे मनाला कळते, मन साक्षीला कळते, साक्षीला पाहणारा मात्र कोणी नाही. साक्षीभावाला अलिप्त बेफिकिरी समजणेही चूकच. गीता गुणातीताला, म्हणजे प्रकृतीच्या तीन गुणांपलीकडे गेलेल्याला, 'उदासीनवत्' म्हणते (14.23), म्हणजे उदासीनासारखा; आणि ऐकणाऱ्या अर्जुनाला लढायचेच आहे.

मराठीत या कल्पनेची सर्वांत कडक तपासणी समर्थ रामदासांनी केली. दासबोधात (5.6) जागृती, स्वप्न आणि झोप यांपलीकडच्या, सर्वसाक्षी अशा तुर्यावस्थेलाही ते शुद्ध ज्ञान मानत नाहीत, पदार्थज्ञानात, म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंच्या ज्ञानात, ढकलतात. साक्षीला पाहायला दुसरे काहीतरी लागते. जिथे मुळात दुसरे काही नाहीच, तिथे सर्वसाक्षित्व कुठले, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.