डोलकाठीचा आधार : शिडाच्या जुन्या बोटींतील दुरुस्ती

शिडाच्या बोटीत डोलकाठीचे बूड जिथे टेकते ती बैठक, आणि तिच्यावरचा भार तळाच्या पठाणापर्यंत, म्हणजे कीलपर्यंत, पोचवणारे खांब, तुळया व आडभिंती यांना मिळून डोलकाठीचा आधार म्हणतात. काही बोटींत काठी डेकमधून आरपार खाली जाऊन थेट पठाणावर उभी राहते. कोकणातल्या मचव्याची काठी पुढे झुकलेली असली, तरी तिचे बूड तळाच्या लाकडांवरच असते. १९६० नंतर कारखान्यांतून निघालेल्या फायबरग्लासच्या अनेक लहान बोटींत मात्र काठी डेकवरच उभी करतात. त्यामुळे केबिनमध्ये जागा मोकळी होते, पण सगळा भार डेकच्या पोटातून न्यावा लागतो. जुन्या बोटींची दुखणी बहुधा इथेच सुरू होतात.

काठीचे स्वतःचे वजन किरकोळ असते. तीस फुटी बोटीची अ‍ॅल्युमिनियमची काठी चार माणसे सहज उचलून नेतात. खरा भार येतो तो तिला दोन्ही अंगांनी धरून ठेवणाऱ्या पोलादी ताणतारांचा. शिडात वारा भरला की वाऱ्याकडची तार ताणली जाते. तार आणि काठी यांच्यातला कोन अगदी चिंचोळा असल्याने त्या ताणाचा फार मोठा हिस्सा काठीला खाली रेटण्यातच जातो. जोराच्या वाऱ्यात हा दाब बोटीच्या संपूर्ण वजनाइतका किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. मेख ठोकावी तशी काठी डेकवर ठोकली जात असते.

अल्बर्ग ३० ही बोट याचे चांगले उदाहरण आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकी आरेखक कार्ल अल्बर्ग यांनी ती रेखाटली आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९६२ पासून ती बांधली जाऊ लागली. सुमारे चार टनांची ही बोट आजही दणकट म्हणून ओळखली जाते. तिच्या काठीखाली खांब नाही. पुढच्या केबिनकडे जायची वाट मोकळी राहावी म्हणून तिथे एक आडवी लाकडी तुळई घातली आहे, आणि ती भार दोन बाजूंच्या आडभिंतींवर सोडते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ही तुळई मध्यभागी वाकते किंवा तिला चीर जाते. लाकूड उभ्या धाग्याने जो दाब सोसते, त्याच्या फार थोडा हिस्सा आडव्या धाग्याने सोसते. ओकच्या बाबतीत हा फरक जवळपास सातपट आहे. त्यात लाकूड ओले झाले की उरलीसुरली ताकदही घटते.

पहिली तक्रार केबिनमधले दार करते. कालपर्यंत सहज लागणारे दार चौकटीत अडकू लागते आणि मालक ते रंधून घेतो. मग बैठकीभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत रंगीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात, डेकला किंचित खोलगट बशी पडते आणि ताणतारा सैल होतात. इथे हमखास चूक होते. तारा सैल दिसल्या की टर्नबकल, म्हणजे तारेच्या टोकाचा ताण कमीजास्त करायचा पेच, फिरवून त्या आवळल्या जातात. काठी आणखी खाली ओढली जाते, तुळई आणखी वाकते, आणि महिनाभराने तारा पुन्हा सैल. दरवर्षी तारा आवळाव्या लागणाऱ्या बोटीच्या मालकाने आधी तारांवर संशय न घेता काठीखाली पाहावे.

मूळ कारण बहुतेक वेळा पाणी असते. डेक हे फायबरग्लासच्या दोन थरांचे असते आणि मध्ये गाभा म्हणून बाल्सा हे अतिशय हलके लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते. बैठकीचे स्क्रू किंवा दिव्याच्या वायरीचे भोक नीट बंद केलेले नसेल, तर थेंब थेंब पाणी आत मुरते. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक ठोकत गेल्यास निरोगी जागी खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. खात्रीसाठी आतल्या बाजूने बारीक भोक पाडून भुसा बोटांत चोळतात. कोरडा, फिकट भुसा असेल तर काळजी नाही. तपकिरी, पिळल्यावर पाणी सुटणारा असेल, तर भोके पाडून त्यात एपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारी कृत्रिम राळ, ओतण्याचा सोपा उपाय करू नये. ओल्या लाकडात एपॉक्सी शिरत नाही, फक्त पैसे शिरतात.

दुरुस्तीसाठी आधी क्रेनने काठी उतरवतात. त्यापूर्वी प्रत्येक टर्नबकलचे आटे मोजून लिहून ठेवावे. केबिनमध्ये जाड फळीवर जॅक बसवून डेक रोज थोडे थोडे वर उचलतात. घाई केल्यास आडभिंतींचे जोड सुटतात. डेक मूळ उंचीला आले की वरचा थर उथळ पात्याने कापून काढतात, कुजका गाभा खरवडतात, आणि कडेला दिसणारे लाकूड पूर्ण वाळू देतात. बैठकीखाली पुन्हा लाकूड न घालता भरीव फायबरग्लास भरणे उत्तम. एपॉक्सी मात्र थराथरानेच भरावी. भांडेभर एकदम ओतली तर ती स्वतःच्या उष्णतेने उकळून धुरावते. वरचा थर परत जोडताना कडांना दर १ मिमी जाडीमागे सुमारे १२ मिमी उतार देतात, म्हणजे नवे कापड जुन्याला पुरेसे धरते. स्क्रूची भोके मोठी पाडून एपॉक्सीने बुजवायची आणि मग त्यातच नेमक्या मापाची पाडायची. असे केल्यास पुढे गळती झाली तरी पाणी गाभ्यापर्यंत जात नाही.

वर इतके करून खालचे टोक न पाहणे ही दुसरी नेहमीची चूक. ज्या बोटीत काठीखाली खांब असतो, तिथे त्याचे बूड बहुधा बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साचते त्या पोकळीत, लाकडी ठोकळ्यावर असते, आणि तो ठोकळा वर्षानुवर्षे पाण्यात बसून कुजतो. वरून खांब ताठ दिसतो. खालची फळी उचलून पेचकस टोचला की तो लोण्यात जावा तसा जातो. तुळई असेल तर तिच्या दोन्ही टोकांखालच्या आडभिंती, आणि त्या भिंती बोटीच्या अंगाला जिथे चिकटवल्या आहेत ते जोडही पाहावे लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीचे बूड खाऱ्या पाण्यात स्टेनलेस बोल्टांशी लागून झिजते. तेवढा भाग कापावा लागला, तर बैठक तितकीच उंच करतात आणि पाणी निचरायला भोक ठेवतात.

काठी परत उभी करताना बुडाखाली नाणे ठेवायची प्रथा फार जुनी आहे. १९६२ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागात टेम्स नदीच्या गाळात एक रोमनकालीन जहाज सापडले. त्याच्या तळाच्या लाकडात कोरलेल्या काठीच्या खाचेत सम्राट डोमिशियनचे नाणे होते, आणि त्याच्या मागच्या बाजूस हातात सुकाणू धरलेली भाग्यदेवता फॉर्चुना होती. जुन्या बोटीची बैठक उचकटताना असे नाणे मिळाले, तर ते परत ठेवायला हरकत नाही. पण तांब्याचे नाणे अ‍ॅल्युमिनियमला थेट लागले, तर खारे पाणी काठी खाऊ लागते. म्हणून ते एपॉक्सीत पुरते बुडवूनच ठेवावे.