टरबुजातलं रसायन आणि सुजलेली बोटं

सीतादही झाली, कापसाची वेचणी लागली, की आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "येचू येचू बोटं झिजले नं माय." बोलणारी बाई चाळिशीच्या आसपासची असते. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, मनगटं जड, आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. घरचे म्हणतात काम जास्त झालं, शेजारीण म्हणते गार पाण्यात हात घालते म्हणून वात धरला. कधी कधी डॉक्टरही झीज म्हणून दुखण्याची गोळी देऊन मोकळे होतात.

झिजेचा संधिवात असतो, पण त्याची तऱ्हा निराळी. तो गुडघे धरतो, बोटांचं टोकाकडचं पेर धरतो, आणि सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. वर सांगितलेल्या बाईला असतो तो बहुधा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, डॉक्टरांच्या बोलीत 'आरए'. तो दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सारखाच धरतो, हातांबरोबर पायांच्या बोटांची मुळंही सुजवतो. पायाच्या बोटांनी तर कोणी कापूस वेचत नाही! साधारण दोनशे ते शंभर माणसांमागे एकाला हा आजार होतो, आणि पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना. कारकुनाच्या बायकोलाही होतो, शाळेतल्या बाईंनाही होतो.

मग सुरुवात कुठून होते? इथे थोडं रसायनशास्त्र लागेल.

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, हे शाळेत झालेलं आहे. त्यातलं एक अमिनो आम्ल म्हणजे आर्जिनीन. शरीरात त्यावर धन विद्युतभार असतो, आणि या भाराच्या ओढाताणीवर प्रथिनाच्या घड्या बऱ्याच अंशी टिकून असतात. आपल्या पेशींत 'पॅड' नावाची विकरं आहेत. कॅल्शियम भरपूर मिळालं की ती साखळीतल्या आर्जिनीनला बसल्या जागी बदलून त्याचं सिट्रुलिन करतात. बदल इवलासा: वजनात जेमतेम एका हायड्रोजनच्या अणूएवढा फरक. पण धन भार गेलेला असतो. घडी सैल होते, आत दडलेले तुकडे बाहेर दिसू लागतात.

हे सिट्रुलिन जपानमध्ये 1914 साली पहिल्यांदा हाती लागलं ते टरबुजाच्या रसातून. आता यावरून "टरबूज खाल्ल्यानं वात होतो" असा मेसेज कोणी फिरवू नये. टरबुजातलं सिट्रुलिन सुटं असतं, ते पचून जातं. आजाराचा संबंध आहे तो प्रथिनाच्या साखळीतच घडलेल्या बदलाशी. आणि हा बदलही मुळात रोग नव्हे. त्वचेचा वरचा थर घट्ट करायला शरीर तो रोज वापरतं.

गडबड होते ती पुढे. आपल्या पेशी प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत ठेवून टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, दाखवत असतात: हा आपला, हा परका. या खाचेत छोटे खळगे असतात. आरए होणाऱ्या बऱ्याच जणांच्या एचएलए-डीआर रेणूत, साखळीच्या 70 ते 74 या जागांवर, ठरावीक अमिनो आम्लं सापडतात. पीटर ग्रेगर्सन आणि सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवलं की रेणूचे प्रकार वेगवेगळे असले तरी हा पाच आम्लांचा पट्टा त्या सगळ्यांत जवळपास सारखाच आहे. तो नेमका चौथ्या खळग्याच्या भिंतीवर येतो, आणि त्यामुळे खळगा धन भाराचा होतो. धन भाराचं आर्जिनीन तिथे आलं की सजातीय भार एकमेकांना ढकलतात, तुकडा टिकत नाही. तेच आर्जिनीन सिट्रुलिन झालं, की भार नाही, ढकलाढकल नाही. तुकडा खळग्यात नीट बसतो. जो तुकडा टी-पेशींना कधी दिसलाच नव्हता तो आता समोर मांडला जातो, आणि त्या त्याला परका ठरवतात. एवढ्या मोठ्या दुखण्याची एक कडी सहावी-सातवीतल्या विजेच्या धड्याने उलगडते, याचं मला अजून नवल वाटतं.

टी-पेशी मग प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना कामाला लावतात, आणि सिट्रुलिनवाल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. नेदरलँड्समधल्या नायमेगनच्या संशोधकांनी 1998 साली ही ओळख पक्की केली. त्यातूनच आजची 'अँटी-सीसीपी' ही रक्ततपासणी आली. चिकुनगुन्यानंतरही महिनोन्‌महिने सांधे सुजतात, आणि 2006 च्या साथीपासून विदर्भाला ते चांगलंच ठाऊक आहे. अशा वेळी ही तपासणी बरीच कामाची, कारण चिकुनगुन्यात ती सहसा निगेटिव्ह येते. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पुढे आरए झालेल्यांचं आधीच साठवलेलं जुनं रक्त तपासलं तेव्हा दिसलं की पहिला सांधा सुजायच्या कित्येक वर्षं आधी, काहींत तर दहा वर्षं आधी, ही प्रतिपिंडं रक्तात होती. म्हणजे बाई ठणठणीतपणे वेचणी करत होती तेव्हाच आत हे सुरू झालेलं होतं, आणि तेही बहुधा सांध्यात नव्हे. धुरानं चिघळलेलं फुप्फुस आणि सडलेल्या हिरड्या या दोन जागांवर संशय आहे. स्वीडनमधल्या 2006 च्या एका अभ्यासात, वरचा पट्टा आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी मिळालेला आणि धूम्रपानही करणारा, अशांना प्रतिपिंडवाल्या आरएचा धोका 21 पट निघाला. बिडी ओढणाऱ्यांनी हे ऐकावं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर मात्र हा आरोप सिद्ध नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठी तो पुरेसा बदनाम आहे. आणि आपल्याकडच्या बहुतेक रुग्ण बायकांनी बिडीला हातही लावलेला नसतो, तेव्हा धूर हीच एकमेव वाट नाही.

हा हल्ला सांध्यात पोचल्यावर कारभार वेगाने होतो. सांध्याचं आतलं अस्तर एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. तिथल्या भक्षकपेशी टीएनएफ, आयएल-1, आयएल-6 असे संदेशरेणू सोडू लागतात, रक्तातून आणखी पेशी ओढल्या जातात, अस्तर जाड होतं आणि धुऱ्यावरचं गाजरगवत वावरात घुसावं तसं कूर्चेवर पसरतं. तिथली विकरं कूर्चा खातात, हाड पोखरणाऱ्या पेशी जाग्या होतात. या रेणूंत वरचढ कोण? लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काचपात्रात वाढवून 1989 साली दाखवलं की एकट्या टीएनएफला अडवलं तर आयएल-1सुद्धा थंडावतं. 1992 साली त्यांनी टीएनएफ अडवणारं औषध पहिल्या रुग्णांना दिलं.

आयएल-6 रक्तात पहाटे वाढतं. सकाळच्या ताठरपणात त्याचा मोठा हात आहे, गार पाण्याचा नव्हे. तेच यकृताकडून हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढवून घेतं आणि शरीरातलं लोह कोंडून ठेवतं. म्हणून या बायकांचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही नीट चढत नाही, आणि आरोग्यसेविका बिचारी "गोळ्या घेता का नाही?" म्हणून विचारत राहते.

आठवडी बाजारात याच्यावर तांब्याचं कडं मिळतं. इंग्लंडमध्ये 70 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, 2013 साली निकाल आला: उपयोग शून्य. कडं निदान निरुपद्रवी. "पंधरा दिवसांत वात मुळासकट" म्हणणारी बिननावाची पुडी जास्त वाईट, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. सूज दोन दिवसांत उतरते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि वर्षभरात साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सांधा आतून पोखरला जातो तो वेगळाच. दुसऱ्या टोकाला टीएनएफ अडवणाऱ्या महागड्या इंजेक्शनांचा गाजावाजा. ती गुणकारी आहेत, पण क्षयाचे जंतू फुप्फुसात कोंडून ठेवायलाही टीएनएफच लागतं. आपल्याकडे झोपलेला क्षय घराघरांत; आधी त्याची तपासणी न करता हे इंजेक्शन घेणं धोक्याचं.

बहुतेकांची सुरुवात मात्र मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त गोळीने होते. हाडाची खाच पहिल्या दोन वर्षांतच पडू लागते, त्यामुळे सहा आठवड्यांहून जास्त सूज राहिली तर अँटी-सीसीपी करून ही गोळी लवकर सुरू होणं महत्त्वाचं. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वार लिहून घ्यावा, 'बुधवार' तर बुधवार, आणि सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कोणत्या वारी तेही.