कोळंबीचे छोटे आरएनए आणि बदकाच्या जीनचा घोळ

कोळंबीला अँटिबॉडी नाहीत, इंटरफेरॉन (व्हायरस आल्याचा इशारा देणारं प्रोटीन) नाही. त्यामुळे १९९० च्या दशकात व्हाइट स्पॉट या व्हायरसच्या रोगाने आधी आशियातली आणि मग अमेरिकेतली तळी साफ केली तेव्हा व्हायरसविरुद्ध तिच्याकडे खास असं काही नाहीच, असं धरून चालले होते बरेच जण. १९९८ ला सूत्रकृमीत आरएनएआय, म्हणजे दुहेरी धाग्याच्या आरएनएने त्याच्याशी जुळणारं जीन गप्प करायची पद्धत, सापडलं, मग हे कोळंबीतही असेल का ही शोधाशोध ओघानेच आली.

खरी गंमत झाली २००४ ला. व्हायरसशी काडीचा संबंध नसलेला डीएसआरएनए (दुहेरी धाग्याचा आरएनए), तोही बदकाच्या इम्युनोग्लोब्युलिन (अँटिबॉडीच्या) जीनवरून बनवलेला, व्हॅनामेई जातीच्या कोळंबीला टोचला आणि तरीही व्हाइट स्पॉट आणि टॉरा या दोन्ही व्हायरसपुढे ती बऱ्यापैकी तगली. आता आरएनएआय म्हणजे सिक्वेन्स जुळायला हवा, आणि इथे जुळण्यासारखं काही नव्हतंच! पुढच्या वर्षी व्हायरसच्याच जीनवरचा डीएसआरएनए दिला तर संरक्षण कितीतरी जास्त निघालं, पण त्याच वर्षी टायगर कोळंबीत व्हाइट स्पॉटच्या व्हीपी२८ या जीनवरचा एसआयआरएनए (डीएसआरएनएचा छोटा तुकडा) आणि जेलीफिशच्या जीएफपी या चमकत्या प्रोटीनच्या जीनवरचा, फक्त तुलनेसाठी दिलेला कंट्रोल या दोघांनी मृत्यू जवळपास सारखेच कमी केले. कंट्रोलच काम करायला लागल्यावर काय बोलणार. २००७ ला कुरुमा कोळंबीत मात्र व्हीपी२८ वरचाच नेमका चालला, म्हणजे परत सिक्वेन्स जुळायलाच हवा या बाजूला माप.

सिक्वेन्स जुळून होणारा नेमका वार की कुठल्याही डीएसआरएनएने होणारा सरसकट बचाव, असा वाद बरीच वर्षं चालला, मला तो थोडा फुकटचाच वाटतो. आरएनएआय चालवणारी डायसर-२ आणि आर्गोनॉट-२ ही प्रोटीनं कोळंबीत आहेत हे नंतर दिसलंच, त्यामुळे नेमका वार होतो यात शंका नाही. आणि लांब डीएसआरएनए दिसला की नुसता धोक्याचा इशाराही जातो, वॅगो नावाचं इंटरफेरॉनसारखं काम करणारं प्रोटीन कोळंबीत सापडल्यावर तर तीही बाजू उभी राहिली. दोन्ही एकत्र चालतात, बदकाचं कोडं त्यातच बसतं.

मायक्रोआरएनएचं, म्हणजे जीनवर ताबा ठेवणाऱ्या पेशीतल्याच छोट्या आरएनएंचं, प्रकरण त्यामानाने अलीकडचं. सिक्वेन्सिंग स्वस्त झालं तशा याद्यांवर याद्या आल्या, त्यातल्या कित्येकांचं टार्गेट नुसतं कॉम्प्युटरवरचं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे व्हाइट स्पॉटचा व्हायरस स्वतःचेही मायक्रोआरएनए बनवतो, त्यातला एक कोळंबीच्या कॅस्पेज-८ ला, म्हणजे पेशीला स्वतःला मारायला लावणाऱ्या प्रोटीनला, दाबतो, म्हणजे बाधित पेशी स्वतःला मारून घ्यायच्या आत याचं काम उरकतं.

तळ्यातल्या प्रत्येक कोळंबीला इंजेक्शन कोण देणार, म्हणून बॅक्टेरियात डीएसआरएनए तयार करून तो खाद्यातून द्यायचे प्रयोगही झाले. प्रयोगशाळेत फायदा दिसला, पण टोचण्याइतका भरवसा त्याचा नाही.