रिनेलाची शंभर टनी तोफ

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाच्या ग्रँड हार्बर या बंदराच्या तोंडाशी, काल्कारा गावाजवळ रिनेला हा एक बुटका किल्ला आहे. मोठी तोफ एकच. खंदक, दारूकोठारे, बॉयलर, पंप हा बाकीचा पसारा तिच्या दिमतीला. आपल्याकडे बुरूज बांधून झाला की त्यावर तोफ चढते. इथे तोफ आधी ठरली आणि मग तिच्याभोवती किल्ला उभा राहिला.

निमित्त इटलीचे. ‘दुइलिओ’ आणि ‘दांदोलो’ या युद्धनौकांसाठी इटलीने शंभर टनी तोफा मागवल्या, जहाजागणिक चार, आणि त्याही इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग कारखान्याकडून. ब्रिटिश आरमाराची सर्वांत जड तोफ होती ऐंशी टनांची. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून हिंदुस्थानची वाट ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माल्टावरून जात होती. १८७८ मध्ये रशियाला धाक म्हणून मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक याच बेटावर आणून उतरवले होते. अखेर ब्रिटिश सरकारने त्याच कारखान्याकडून चार तोफा घेतल्या. दोन माल्टाला, दोन जिब्राल्टरला. जिब्राल्टरची उरलेली तोफ ज्या ‘नेपियर ऑफ मॅग्डाला’ तोफखान्यात आहे, त्याचे नाव १८६८ ची ॲबिसिनियाची (आजच्या इथिओपियाची) मोहीम मुंबईहून नेणाऱ्या सेनापतीवरून पडले.

नळी सुमारे १० मीटर लांब, तोंडाचा व्यास ४५० मिलिमीटर. आत पोलादी नळी आणि वरून घडीव लोखंडाची वेटोळी तापवून चढवलेली. गोळा सुमारे ९०० किलोचा, त्याला दारू सुमारे २०० किलो, पल्ला सहा किलोमीटरच्या आसपास. दारू भुकटीची नव्हे, भोके पाडलेल्या षटकोनी वड्यांची. वडी बाहेरून झिजते तसे भोक आतून रुंदावते, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग फारसा घटत नाही आणि दाब एकदम न उसळता नळीभर टिकतो. गोळ्याच्या बुडाशी तांब्याची चकती असे. स्फोटाच्या दाबाने ती फाकून नळीच्या २८ आट्यांत रुतायची आणि गोळ्याला फिरकी द्यायची.

ठासणी मात्र तोंडाकडूनच. बार उडाला की तोफ बाजूला वळवायची, मान खाली घालायची आणि चिलखती भिंतीतल्या भरणीच्या तोंडाला भिडवायची. पहिले काम नळी पाण्याने धुण्याचे, कारण राहिलेली ठिणगी नव्या दारूला पेटवू शकते. मग खालच्या कोठारातून वर आलेली दारू, मग गोळा, आणि पाण्याच्या दाबावर चालणारा लांब ठासणीचा गज. भरणीच्या जागा डावी-उजवीकडे दोन, म्हणजे एकीकडे भरणी चाललेली असताना दुसरीकडे पुढच्या बाराची तयारी. तरीही एका बाराला सहा मिनिटे लागत. शिवाय आधी बॉयलर पेटलेला हवा. वाफ नसेल तर माणसांनी हातपंप मारायचे.

खरी खोट याच ठासणीत होती. जानेवारी १८७९ मध्ये ‘थंडरर’ या ब्रिटिश जहाजावर एका तोफेचा बार उडालाच नाही. शेजारच्या तोफेच्या दणक्यात ते कुणाच्या ध्यानात आले नाही. यांत्रिक गजाने आधीच्या भरणीवर दुसरी भरणी ठासली, तोफ फुटली आणि अकरा जण गेले. बुडाकडून भरायच्या तोफेत असे होणे जवळजवळ अशक्य. ब्रिटिश पुन्हा त्या पद्धतीकडे वळले, पण माल्टाची मागणी आधीच दिलेली होती. सप्टेंबर १८८२ मध्ये तोफ बेटावर उतरली. नंतर ती माणसांच्या बळावर ओढत किल्ल्यापर्यंत नेण्यात महिने गेले, आणि ती सज्ज झाली जानेवारी १८८४ मध्ये. तोवर ती जुनी झाली होती. दारूगोळा इतका महाग की सरावालाही तीन महिन्यांतून एकच बार.

शेवटचा बार १९०५ चा. पुढच्या वर्षी ती सेवेतून निघाली. माल्टातली दुसरी, केंब्रिज तोफखान्यातली, भंगारात गेली. आज पाहायला गेलात तर नळीवर रेंगाळू नका, गाड्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतली भरणीची तोंडे शोधा. तोफ तिथे मान घालायची.